भावजींच्या गाडीचं नाक

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं याचा मला कधी अंदाज आला नाही, आणि अक्षर असं की सामानाची यादी दिली तर दुकानदार ती मलाच वाचून दाखवायला सांगतो. तेव्हा ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने आधीच माफ करावं. वही माझी नाही, माझ्या धाकट्या दिरांची, दत्ताभावजींची आहे. पुढच्या बाजूने त्यांचं अक्षर आहे, स्वच्छ आणि सरळ... कुठल्या वळणावर कुठला गिअर, कुठल्या चाकात हवा किती, असं सगळं. त्या पानांना मी हात लावलेला नाही. मी मागून सुरुवात केली आहे. भावजींना जाऊन सहा आठवडे झाले. तोंडाने सांगणं मला कधीच जमलं नाही, आणि त्या न जमण्यापायी जे झालं तेच इथे लिहून ठेवायचं आहे.

बातमी आली तेव्हा मी कारखान्यात होते. आमच्या पेणमध्ये कारखाना म्हटलं की गणपतीचाच. दुपारची वेळ होती, मांडीवर दीड फुटाची मूर्ती होती आणि तिच्या आशीर्वादाच्या हाताला मी पांढरा रंग देत होते. मालकीणबाई आतून आल्या. "अगो, पनवेलवरून तुझ्या नवऱ्याचा फोन होता," एवढंच म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मला कळलं. भावजी बारा दिवस तिथल्या हॉस्पिटलात होते. कावीळ अंगात मुरली होती, आम्ही आधी गावातलं पाल्याचं औषध देत बसलो होतो आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आमच्या यांना बाजूला घेऊन उशीर झाल्याचं सांगितलं होतं. बातमी ऐकून मी काय केलं? मूर्तीचा अर्धा रंगवलेला हात मी पुरा केला. मधेच सोडला तर रंगाची कड उठते. हात पुरा केला, ब्रश पाण्यात ठेवला, मग उठले. त्या ब्रशाची मला अजून लाज वाटते.

मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी चौदा वर्षांचे होते. आमचं गाव पेणच्या खाडीकडे, सासरे मिठागरावर कामाला. मीठ उचलायला व्यापाऱ्याचा एक जुना टेम्पो यायचा आणि त्याच्या ड्रायव्हरने लाडाने भावजींच्या हाती स्टेअरिंग दिलं. ते गाडी शिकले मिठागराच्या बांधावर. बांध म्हणजे टेम्पोच्या रुंदीहून वीतभर जास्त, इकडे मिठाचे वाफे, तिकडे खाडी. चाक घसरलं तर टेम्पोही गेला आणि वर्षाचं मीठही गेलं. भावजी तो टेम्पो बांधावरून मागे मागेसुद्धा आणायचे. सासरे वाफ्यात उभे राहून शिव्या द्यायचे आणि शिव्या देता देता हसायचे.

पुढे ते रामवाडीला हायवेवरच्या एका गॅरेजात लागले. तिथे एकदा जॅक सटकून त्यांच्या उजव्या अंगठ्यावर आला. नख गेलं आणि नवं आलं ते मधोमध चिरलेलं, ते पुन्हा कधी जुळलं नाही. "वैनी, बघ, माझ्या नखाने भांग पाडलाय," म्हणून ते मला दाखवायचे. संध्याकाळी गॅरेज सुटलं की ते सायकलवरून मला न्यायला कारखान्यावर येत. माझं काम आटपेपर्यंत मूर्तींमधून हिंडत बसत. मीच त्यांना शिकवलं होतं की प्लास्टर घट्ट झालं म्हणजे वाळलं असं नाही. घट्ट ते अर्ध्या तासात होतं, पण आतलं पाणी निघायला दोन-तीन दिवसांचं ऊन लागतं आणि तोवर त्यात जोर नसतो. ओळखायची खूण एकच, अंगठ्याचं नख लावून बघायचं. रुतलं तर ओलं, नाही रुतलं तर वाळलं. मग काय, भावजी दिसेल त्या मूर्तीला पाठीमागून नख लावत सुटले. मालकीणबाई ओरडल्या, "ए दत्तू, गनपतीला चिमटे काढतोस व्हय रे?" तर हे म्हणाले, "नाय, विचारतोय, आंघोळीचं पानी निथळलं का."

त्या गॅरेजात एक दिवस हमीदभाई आले. हमीदभाई रोह्याचे. बरीच वर्षं कुवेतला मोटारींच्या वर्कशॉपमध्ये होते, तिकडे लढाई झाली तेव्हा परत आले आणि हाताशी थोडा पैसा असेपर्यंत त्यांनी आयुष्यातली एक हौस करायची ठरवली होती. मुंबईच्या कुणाकडून त्यांनी रेसची एक जुनी गाडी विकत घेतली होती. एकाच माणसाची गाडी. टप नाही, दार नाही, चारी चाकं अंगाबाहेर आणि चालवणारा आत जवळजवळ झोपलेला. गाडी होती, चालवणारा नव्हता. त्यांची जीप दुरुस्त होईपर्यंत ते बाकड्यावर बसले होते आणि समोर भावजी एक ट्रक दोन भिंतींच्या बोळातून मागे घेत होते. हमीदभाई उठून जवळ गेले. "कुठं शिकलास रे असा?" भावजी म्हणाले, "मिठागरात." हमीदभाईंना वाटलं पोरगा थट्टा करतोय.

गाडी ट्रकमध्ये घालून एकदा आमच्या गावात आणली होती, माणसांना दाखवायला. सासूबाईंनी तिच्याभोवती फेरी मारली आणि म्हणाल्या, "ही तर चाकं लावलेली होडी. वल्ही कुठायत हिची?" पुढचं टोक खरंच होडीच्या नाळेसारखं निमुळतं होतं. फायबरचं, लाल रंगाचं, दोन स्क्रूंवर बसवलेलं. सगळे त्याला नाकच म्हणत. सासूबाईंनी त्या नाकालाच कुंकू लावलं.

पोरांसाठीच्या रेसची ती मालिका होती, नव्याने शिरणाऱ्यांची. वर्षभरात ठरलेल्या चार-पाच रेस, प्रत्येकीचे गुण, शेवटी बेरीज. बाकीची पोरं मोठ्या शहरांतली, बापाच्या कंपन्या असलेली. हमीदभाईंनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, "दत्तू, एकच वरस. त्याच्याम्होरं माझ्याकडं नाय." पण कोइमतूरच्या एका कंपनीचा माणूस दुसऱ्या रेसनंतर भावजींना भेटला. वर्षअखेर पहिल्या तिघांत आलास तर पुढच्या वर्षी आमची गाडी, आमचा खर्च, वर पगार, असं तो म्हणाला. शेवटच्या रेसेसच्या वेळी भावजी गुणांत तिसरे होते आणि चौथा त्यांच्या अगदी पाठीवर होता. शनिवारी एक रेस, रविवारी एक. जिंकायची गरज नव्हती. दोन्ही पुऱ्या करायच्या आणि पहिल्या पाचांत राहायचं, बस. ते झालं असतं तर गॅरेज सुटलं असतं आणि भावजींचा जन्म वेगळा झाला असता.

मी तिथे गेले ती स्वयंपाकाला. आधीच्या वेळी बाहेरचं खाऊन भावजींचं पोट बिघडलं होतं, आणि हमीदभाई म्हणाले होते, घरचं कुणी असलं तर बरं. आमचे हे धाटावला कंपनीत. त्यांनी शिफ्ट बदलून, रजा टाकून मला बरोबर नेलं. रायगड जिल्ह्याबाहेर मी तोवर पडले नव्हते. तांदूळ, सुकट, जवळा, मसाला आणि स्टोव्ह घेऊन आम्ही दोघं रेल्वेने गेलो, भावजी आणि हमीदभाई गाडीबरोबर ट्रकने. मद्रासच्या बाहेर उघड्या माळावर तो ट्रॅक होता. लांबच लांब पत्र्याची शेड, तिच्या खणाखणांत गाड्या, आणि गाड्यांभोवती इंग्रजी बोलणारी माणसं. मी ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह मांडला तो तिथून हलले नाही. भावजी मधेच यायचे, जवळ्याचा वास घ्यायचे आणि मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "वैनी, त्या शेजारच्यांकडे एसी खोलीतून जेवन येतंय, पन तोंडाला पानी सुटलंय आपल्याकडं बघून." शेजारच्या खणातला एक काळासा, मिशाळ मेकॅनिक खरंच बघायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला पानावर भात आणि सुकट वाढली. त्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला, त्यामुळे त्याच्यासमोर मला लाज वाटेनाशी झाली.

शनिवारच्या रेसमध्ये भावजी दुसरे आले. आमचे हे, जे घरात कधी हसत नाहीत, त्यांनी माझा हात धरून मला उठवलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "आला गो, आला!" पण शेवटचा झेंडा पडल्यावर पहिल्या आलेल्या पोराने एकदम वेग कमी केला आणि भावजींच्या गाडीचं नाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं. गाडी चालत परत आली, बाकी कुठे ओरखडा नाही. नाक मात्र मधून तडकलं होतं, आणि एका बाजूचा तुकडा लोंबत होता. दुसरं नाक आमच्याकडे नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांच्या गाड्या वेगळ्या मापाच्या होत्या. हमीदभाई आणि आमचे हे फायबर जोडायचं औषध शोधायला रिक्षाने शहराकडे गेले. दोन तासांनी आले ते पांढऱ्या पावडरीची गोणी घेऊन. त्या औषधाचं दुकान बंद झालं होतं, उघडं होतं ते बांधकामाच्या सामानाचं. गोणी यांनी खाली टाकली आणि छाती काढून म्हणाले, "घरात कारागीर असताना बाहेर कशाला भटकायचं? पेनची बाई हाय ती. रोज हेच तर करते."

सगळे माझ्याकडे बघू लागले. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत असं माझ्या जन्मात झालं नव्हतं... आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. दोन दिवस त्या गर्दीत मी स्टोव्हच्या मागे बसून होते, आता त्यांना माझी गरज होती. ट्रकमध्ये गाडी बांधायला काथ्याची जाड दोरी होती, ती मी उसवली. मोठ्या मूर्तीला आतून जोर यावा म्हणून आम्ही प्लास्टरमध्ये काथ्या भिजवून थापतो, तसंच इथे केलं. नाक उलटं धरलं, तडा जुळवून घेतला आणि आतून दोन थर दिले. शेजारचा मेकॅनिक येऊन उकिडवा बसला. मी घरी काय करते ते भावजींनी त्याला हाताची सोंड करून दाखवलं. तो एकदम खुश झाला. "पिळ्ळैयार! पिळ्ळैयार!" म्हणाला आणि नाकाला हात जोडले. त्यांच्याकडे गणपतीला तसं म्हणतात. तिन्हीसांजेच्या आत काम झालं. नाक टणक झालं होतं, वाजवलं की खण् बोलत होतं. बाहेरून लाल रंग दिला तर तडा कुठे होता ते मलाही सापडेना.

पण मला माहीत होतं. दोन दिवसांचं ऊन पाहिजे हे मला माहीत होतं आणि रेस दुसऱ्या दिवशी अकराला होती. मी मनाला सांगितलं की मद्रासचं ऊन आपल्याहून कडक आहे. सकाळी उठून बघते तर दव पडून ट्रकची ताडपत्री गळत होती. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी गाडीपाशी गेले, नाकाच्या आत हात घातला आणि स्क्रूच्या भोकाजवळ नख लावलं. साबणात रुतावं तसं रुतलं.

तिथून अकरापर्यंतचा वेळ कसा गेला ते मला सांगता येत नाही. तपासणारा साहेब आला. त्याने नाक हलवून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि मान डोलावली. हमीदभाईंनी त्याला बिस्कीट दिलं. कोइमतूरचा माणूस येऊन भावजींशी हात मिळवून गेला. आमचे हे प्रत्येकाला बोट करून मला दाखवत होते. ओलं आहे म्हणावं, पण म्हणून करायचं काय? दुसरं नाक नाही, औषध नाही, रविवार. गाडी उभी ठेवायची, एवढंच करता आलं असतं. वर्ष गेलं असतं. आणि माझं चुकलं असलं तर? इतक्या शिकलेल्या माणसांनी बघितलं, मी चौथी शिकलेली बाई काय सांगणार... असं मी मनाशी घोकत राहिले. भावजी गाडीत बसले तेव्हा मी तांब्या घेऊन गेले. हेल्मेट त्यांनी अजून चढवलं नव्हतं. मी म्हटलं, "भावजी..."

"काय गो वैनी?"

सगळी माणसं थांबून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पानी पिऊन घ्या."

त्यांनी तांब्या घेतला, वरून पाणी घेतलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तुझा हात लागलाय नाकाला. जाईल." आणि हेल्मेट घातलं.

ट्रकच्या जवळून ट्रॅकचा फक्त सरळ भाग दिसायचा. गाड्या समोरून जायच्या, पार तिकडच्या वळणाला नाहीशा व्हायच्या, आणि मग नुसता आवाज, आवाजावरून काही कळायचं नाही. चौदा फेऱ्यांची रेस होती. मी बोटांच्या पेरांवर मोजत होते. प्रत्येक वेळी लाल नाक समोरून गेलं की अंगठा पुढच्या पेरावर. पाचव्या फेरीला ते चौथे होते, सातव्याला तिसरे. आठव्याला त्यांनी जाता जाता हात वर केला असं मला वाटलं. नवव्या फेरीला पहिली गाडी आली, दुसरी आली, मग तिसरी, ती निळी होती. चौथी पिवळी. अंगठा तसाच आठव्या पेरावर राहिला. गाड्या परत यायच्या त्या वळणावर लाल धूळ उठली होती आणि हमीदभाई धोतरासारखी लुंगी वर धरून पळत होते. मला पळताही आलं नाही. मी स्टोव्ह बंद केला, इतकंच.

भावजींची गळ्याजवळची हाडं मोडली होती आणि उजवा खांदा निखळला होता. स्ट्रेचरवर शुद्धीत होते. साहेब लोक, कोइमतूरवाला, हमीदभाई, सगळे भोवती. आमच्या यांनीच विचारलं, "नाकाचं काय झालं रे?" भावजी चटकन म्हणाले, "नाकाचं काय नाय. ब्रेक उशिरा मारला मी. नाक नंतर फुटलं, आदळल्यावर." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ऐकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण वाटलं होतं. तेवढ्यात शेजारचा मेकॅनिक नाक उचलून घेऊन आला. जोडलेल्या जागीच ते उकललं होतं, अर्धा थर निघून गेलेला, अर्धा आत चिकटून होता. त्याने हाताने दाखवलं, ते कुठे पडलं होतं. वळणावर नाही. वळणाच्या कितीतरी अलीकडे, मागच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर. म्हणजे नाक आधी निघालं आणि गाडी मागाहून गेली. दुसऱ्या कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने ते माझ्या हातात दिलं, या वेळी हात न जोडता.

चौथा पोरगा तिसरा झाला. कोइमतूरची गाडी त्याला मिळाली. भावजींचा उजवा हात पुढे खांद्याच्या वर कधी गेला नाही. गॅरेजात गाडीखाली झोपून करायची कामं त्यांना जमायची, उभ्याने वरची जमायची नाहीत. लग्नाचं बघू बघू म्हणता राहून गेलं. हमीदभाईंच्या गाडीचा पुढचा सांगाडा वाकला होता, इंजिन फुटलं होतं. हमीदभाई म्हणाले, "जाऊ दे रे बाबा, हौस होती, फिटली." भावजी ऐकेनात. "गाडी मी मोडली, मी भरनार." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेणहून रोह्याच्या पॅसेंजरने ते जायचे, हमीदभाईंच्या हातात पैसे ठेवायचे आणि मोजून घ्या म्हणून सांगायचे. पाच वर्षं. मी डबा बांधून द्यायचे. कितीदा वाटलं की यातले पैसे माझे आहेत हो भावजी, मला देऊ द्या. शब्द तोंडात यायचे आणि मी चटणीचा दुसरा डबा भरायचे.

ते फुटकं नाक त्यांनी घरी आणलं आणि ओटीवर खिळ्याला टांगलं, लाल बाजू बाहेर, टोक खाली. आमचे हे म्हणाले, अपशकुन कशाला टांगतोस? तर म्हणाले, "वैनीच्या हातचं हाय. टाकू कसं?" त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण मला ते दिवसातून दहा वेळा दिसायचं आणि दहा वेळा टोचायचं. केर काढताना मी तिकडे पाठ करायचे.

हॉस्पिटलात शेवटच्या रविवारी मी दुपारभर त्यांच्याजवळ एकटी होते. डोळे हळदीसारखे झाले होते. मी ठरवून गेले होते. गाडीत पेणपासून पनवेलपर्यंत वाक्य पाठ केलं होतं, शाळेत कविता करायचे तसं. ते जागे झाले तेव्हा मी म्हटलं, "भावजी, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको आमच्याकडे बघत होती. नुसती बघत होती बिचारी. मी म्हटलं, "पानी देऊ?"

भावजी हसले. हसायला त्यांना त्रास होत होता तरी हसले. "तू नेहमी पानीच देतेस गो वैनी," म्हणाले. मी चमच्याने पाणी पाजलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, कुणाशीच फारसं नाही. बुधवारी गेले.

दिवसकार्य झाल्यावर घर पुसून घेताना मी ते नाक खिळ्यावरून काढलं. पाच वर्षांत पहिल्यांदा हातात घेतलं. आतली बाजू उजेडाकडे केली. काथ्याचा अर्धा थर अजून तसाच होता आणि स्क्रूच्या भोकाजवळ माझ्या नखाची खूण होती, बारीक चंद्रकोर. तिच्या शेजारी दुसरी खूण होती. मोठी, रुंद, खोल गेलेली... आणि मधोमध तुटलेली. भांग पाडलेली.

मी ओटीवर खालीच बसले. मग माझं नख त्याच जागी जोर करून लावून पाहिलं. नख वाकलं, प्लास्टरवर रेघसुद्धा उठली नाही. वाळल्यावर उठत नाही. म्हणजे ती खूण त्या रविवारचीच, नाक गाडीवर होतं तेव्हाची. माझ्या आधी की नंतर, ते मला कळायला मार्ग नाही. माझी खूण त्यांच्या बोटाला लागली असेल का तेही कळायला मार्ग नाही. भावजींना माहीत होतं. माहीत असून ते बसले. मी तांब्या घेऊन गेले तेव्हा ते माझ्याकडे का बघत राहिले? मी बोलेन म्हणून? मी बोलले असते तर ते उतरले असते का? की ते बोलले असते तर सगळी माणसं माझ्याकडे वळली असती, म्हणून ते गप्प राहिले? आता कुणाला विचारू...

परवाच्या पहिल्या रविवारी मी रोह्याला गेले. सगळं फिटायला सात महिन्यांचे पैसे राहिले होते. आजारपणात भावजींचं जाणं चुकलं होतं. मोठ्या मूर्तींचं काम मी जास्तीचं घेतलं होतं, त्याचे पैसे आले होते. यांना म्हटलं मी एकटी जाते. पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसले, निडी स्टेशन गेल्यावर उठून दारापाशी उभी राहिले, भावजी तसंच करायचे असं म्हणतात. हमीदभाई आता थकलेत. मला बघून आधी रडले. पैसे पुढे केले तर हात मागे घेतले. "नाय बाय. त्याच्याकडून घेत होतो तो त्याच्या मानासाठी. तो गेला, आता कुनाकडून घेऊ?"

मी म्हटलं, "हे भावजींचे नाहीत. माझे हायेत. नाक ओलं होतं, हमीदभाई. मी सकाळी नख लावून बघितलं होतं. मला माहीत होतं, मी बोलले नाय." आवाज माझाच होता, तरी दुसरीच कुणी बाई बोलतेय असं वाटलं. मग दुसऱ्या खुणेचंही सांगितलं.

आतून हमीदभाईंच्या सुनेने चहा आणून ठेवला, तो निवला. शेवटी हमीदभाई म्हणाले, "त्यानं नाय सांगितलं, तू नाय सांगितलं... आनि मी येडा बिस्किटं वाटत होतो." त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं की कीव करून, ते मला समजलं नाही. मी मान खाली घातली नाही, एवढं आठवतं.

नाक मी परत खिळ्याला टांगलं आहे. आता आतली बाजू बाहेर. सकाळी उन्हाची तिरीप ओटीवर येते तेव्हा दोन्ही खुणा दिसतात, एक लहान, एक मोठी. सासूबाई विचारतात, उलटं का टांगलंस गो? मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांना किती ऐकू आलं माहीत नाही.

त्या दिवशी हमीदभाईंनी पैसे घेतले. तसेच खिशात घालायला लागले तेव्हा मी म्हटलं, मोजून घ्या, भावजी मोजायला लावायचे. त्यांनी चष्मा लावला, एक एक नोट मांडीवर ठेवत मोजली आणि म्हणाले, "झाले, बाय. पुरे झाले."